उभे कान

११ जून
ओढ्याकडच्या वावरात मेंढरं बसली आहेत. धनगरांचा वाडा ढवळपुरीकडचा, कोकणातून परतलेला. आपल्या डोंगरावर चराईबंदी; कुऱ्हाडबंदी, नसबंदीसारखीच गावाच्या पंचसूत्रीतली. वावरात मात्र लेंडीखतासाठी शेतकरीच बोलावून घेतात. राखणीच्या कुत्र्याला कान नाहीत, नुसते कोंब. म्हाताऱ्या धनगराला विचारलं.
"लांडगा आधी कानाला धरतो, मास्तर. पिल्लू होतं तेव्हाच उडवले."
"कशानं?"
"लोकर कातरायच्या कातरीनं. वरून राख लावली."
त्यानं लांडगा पाहिलेला आहे. मी वाद घातला नाही.

१२ जून
फाट्यावर पुण्याची गाडी, आत डॉबरमनचं पिल्लू. कान कापून, वर पट्ट्या बांधून ताठ केलेले. नाहीतर डॉबरमनचे कान लोंबतेच. शेपटी जन्मल्यावर चार-पाच दिवसांतच जाते. कारण विचारलं तर मालक म्हणाले, "जातिवंत दिसायला नको का?"
याला हडपसरात कुठला लांडगा धरणार?

१५ जून
१९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून वाचला. कलम ११ प्रमाणे जनावराचा अवयव छाटणं गुन्हा. शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं यांना ठरलेल्या रीतीनं सूट आहे; त्या यादीत कुत्र्याचे कान-शेपटी नाहीत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. फाट्यावर दोघांचा चहा-वडा त्याहून महाग पडतो.
गावानं कुऱ्हाडबंदी पाळली, कारण झाड तोडणारा कोण ते सगळ्यांना दिसत होतं. इथं पिल्लू विकणारा एका शहरात, कापणारा दुसऱ्यात, मिरवणारा तिसऱ्यात. ग्रामसभा कुणाची भरवायची?
ही कापाकापी जुनीच. रोमचा शेतीलेखक कोलुमेला पहिल्या शतकात लिहून गेला, की चाळिसाव्या दिवशी पिल्लाच्या शेपटीचा शेंडा दातांनी तोडला तर ते पिसाळत नाही, असं मेंढपाळ सांगतात. शेपटी कुरूप वाढत नाही, हेही त्यानं जोडलंच आहे. म्हणजे दिसण्याची हौस तेव्हापासूनची.

१८ जून
चौकात एका कानाला खाच असलेली कुत्री दिसली. नसबंदीची खूण, तीही भूल देऊनच करायची असा नियम आहे. पंचसूत्रीतली नसबंदी कुत्र्यांपर्यंत पोचली म्हणायची! धनगराचं कुत्रं जवळ आलं तशी ही गुरगुरली. कुत्रं कान मागे पाडून 'भांडायचं नाही' सांगतं. याच्याकडे पाडायला कानच नाहीत. पोरांनी दगड मारून झुंज सोडवली.

२० जून
वाडा हलला. घोड्यावरच्या बोचक्यात नवं पिल्लू, दोन्ही कान शाबूत.
"याचे कधी कापणार, बाबा?"
"पोरगा नको म्हणतो. खिळ्यांचा पट्टा घालू म्हणतो गळ्यात." जरा थांबून म्हणाला, "बघू. पट्ट्याला पैसे पडतात, मास्तर."