मांजरपाट

आमच्या घरात सध्या दोन डेडलाइन एकाच आठवड्यात येऊन आदळल्या आहेत, आणि आश्चर्य म्हणजे त्यातली एकही माझी नाही. पहिली आईची. मे महिना, ऐन लगीनसराई, त्यामुळे लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंगावर, फ्रिजवर, टीव्हीच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे ब्लाऊजपिसांच्या पिशव्या. दुसरी माझ्या धाकट्या बहिणीची. ती लंडनला फॅशन डिझाइन शिकते. तिचं सेमिस्टर संपत आलंय आणि येत्या बुधवारी सबमिशन आहे. एक जॅकेट, एक ड्रेस आणि एक जाडजूड फाइल.

मी या दोघींच्या मध्ये फोन धरून बसलेला. सध्या मुंबई आणि लंडनच्या घड्याळात साडेचार तासांचा फरक आहे. ती स्टुडिओतून रूमवर येते रात्री नऊला, म्हणजे आपले दीड. आई तेव्हा हुक लावत, हातशिलाई करत जागीच असते (मशीन रात्री बंद, भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात) आणि मी ऑन-कॉल असलो की तसाही जागाच. असे आम्ही तिघं रोज रात्री भेटतो.

बहिणीने फॅशन शिकायचं म्हटलं तेव्हा नातेवाइकांमधे जी शांतता पसरली होती ती अजून आठवते. मी इंजिनीअरिंगला गेलो तेव्हा पेढे वाटले होते. हिच्या वेळी एका काकांनी विचारलं, "म्हणजे शिंपीकामच ना? मग त्याला लंडन कशाला? आईकडे शिक की." त्यांना भानू अथैया सांगून झाल्या. कोल्हापूरच्या, जे. जे. मध्ये शिकलेल्या, १९८३ साली 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. काका म्हणाले, "ते सिनेमाचं वेगळं." असो. काकांना उत्तर द्यायचा नाद मी सोडून दिला. पण त्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नव्हता, कारण २५ लाखांच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही माझी आहे :) आईकडे जे फुकट शिकता येतं, त्याहून वेगळं असं ही तिथे काय शिकते?

थोडं मागे जावं लागेल. माझे आजोबा मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आमच्या घरापुरता तो संपला तो आजीने जुनी पायमशीन घेतली तेव्हा. दादरच्या एका दुकानदाराचे परकर डझनावर शिवायची ती. पुढे लग्न होऊन आई आली, सासूकडून मशीन शिकली, मग तिने रीतसर क्लास केला आणि आता स्वतः क्लास घेते. आजोबांना या सगळ्याचं कौतुक होतं की वाईट वाटायचं ते मला कधी कळलं नाही. आयुष्यभर हजारो वार कापड विणलेला माणूस, शेवटी बायकोच्या परकरांना नाड्या ओवत बसायचा.

तर बहिणीने पहिल्या महिन्यात फोनवर सांगितलं की आम्ही आधी खऱ्या कापडावर काम करत नाही, 'कॅलिको'वर करतो. आई म्हणाली दाखव. कॅमेऱ्यासमोर कापड धरलं तशी आई हसायलाच लागली. "अगं, हा तर मांजरपाट!"

अगदी तोच. कोरा, न धुतलेला, पिवळसर, हाताला जरा खरखरीत. हिंदमाताला कुठल्याही दुकानात मिळेल. मी आपला रिकामटेकडा, लगेच शोधाशोध केली. कॅलिको हा शब्द आला कालिकतवरून, आणि आपला मांजरपाट आला म्हणे मादापोल्लम नावाच्या गोदावरीकाठच्या गावावरून, जिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. म्हणजे दोन्ही शब्द आपल्याच किनाऱ्यांवरचे, एक पश्चिमेचा, एक पूर्वेचा. आणखी एक गंमत म्हणजे बहीण राहते त्या पूर्व लंडनमधेच, स्पिटलफील्ड्सला, १७१९ साली विणकरांनी दंगल केली होती. हिंदुस्थानच्या सुती कापडाने पोटावर पाय आला म्हणून ते रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छिटाचे कपडे फाडायचे. मग १७२१ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला आणि असलं कापड विकायला, वापरायला बंदी घातली. तो कायदा उठला थेट १७७४ मध्ये. आजोबा असते तर त्यांना हे सांगायला मजा आली असती. विणकरांची बाजू त्यांनी नक्की घेतली असती, भले ते विणकर तिकडचे का असेनात.

या मांजरपाटावर बहीण जे शिवते त्याला म्हणतात 'ट्वाल'. म्हणजे कच्चा कपडा. पुतळ्यावर चढवायचा, पेन्सिलने त्याच्यावरच खुणा करायच्या, कात्रीने उघडायचा, पिना लावायच्या, परत फर्मा दुरुस्त करायचा आणि दुसरा ट्वाल शिवायचा. मग तिसरा. खऱ्या कापडाला कात्री लागते ती त्यानंतर. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं समजवायला नको. हे आपलं टेस्ट एन्व्हायर्नमेंट आहे.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमची आई गेली पंचवीस-तीस वर्षं थेट प्रॉडक्शनवर काम करतेय.

विचार करा. गिऱ्हाईक येतं, आईच्या मावशीने दिलेला पैठणीचा काठ, नाहीतर नेमकं ऐंशी सेंटिमीटर कापड पुढे टाकतं आणि म्हणतं, "शनिवारी हवाय." त्या कापडाला दुसरी प्रत नाही. अनडू नाही. एकदा कात्री चालली की चालली. २००८ मध्ये आईने एका बाईंच्या रेशमी कापडाच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. शिवणाऱ्यांना ठाऊक असेल, कापड उलटसुलट घडी करायचं राहिलं की होतं असं. दादरची सगळी मॅचिंग सेंटरं पालथी घालून तिने तसं कापड पैदा केलं, आणि त्यात तिची त्या महिन्याची कमाई गेली. तेव्हापासून आई बेततं पहाटे पाचला. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. दूधवाल्यालासुद्धा माहितीये.

क्लासच्या मुलींकडूनही ती आधी वर्तमानपत्राच्या कागदावरच कटिंग करून घेते. कागद रद्दीचा, म्हणजे फुकट. पण कागद पडत नाही कापडासारखा. कागदाची बाही अंगावर चढवून हात वर करून बघता येत नाही. म्हणून आई ठरलेलेच आकार शिवत आली. साधा ब्लाऊज, कटोरी, प्रिन्सेस कट, बोटनेक. सगळे हातात बसलेले. नवीन काही करून बघायचं तर कुणाच्या कापडावर?

तर सांगत होतो गेल्या आठवड्याचं. बहिणीच्या जॅकेटची बाही नीट बसेना. खांद्यापासून पुढे तिरप्या चुण्या पडत होत्या. तीन रात्री झाल्या, रडकुंडीला आलेली. नियमाप्रमाणे सेमिस्टर चालू असताना आठवड्याला वीस तासच नोकरी करता येते, तेवढी ती करतेच, उरलेला वेळ स्टुडिओ. त्या रात्री तिने पुतळ्यासमोर फोन धरला. आईने चष्मा चढवला, म्हणाली, "जरा बाजूने दाखव. आता मागून." मग दोन मिनिटं काहीच नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"बाही बरोबर आहे गं. लावलीयेस पुढे. उसव, आणि अर्धा इंच मागे फिरवून लाव. तुझी जाकिटवाली बाई पाठ सरळ करून उभी राहते, तिचे हात मागे असतात."

बहिणीने तिथल्या तिथे कच्चा दोरा घालून लावून बघितली. चुण्या गेल्या. हुश्श! मी उगाच टाळ्या वाजवल्या.

पण खरी गंमत पुढेच आहे. बहीण म्हणाली, आता या चुकलेल्या बाहीचे फोटो काढते, फाइलमध्ये लावायचे आहेत. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"चुकलेलं दाखवतेस? मार्क कापतील ना!"

"आई, त्याचेच मार्क असतात. काय चुकलं, का चुकलं, मग काय केलं."

आई गप्प झाली. मग एकदम तिने विचारलं, "आतापर्यंत किती कापड गेलं या चुकण्यात?" बहीण म्हणाली, सोळा-सतरा मीटर असेल. आई पुढे काही बोलली नाही, पण हुक लावायचे थांबले होते.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं असं वाटतं. बाही कशी बसवायची हे आईला येतंच, तिथल्या कितीतरी जणांपेक्षा चांगलं येत असेल. बहीण २५ लाख भरून जे घेतेय ती सोळा-सतरा मीटर कापड बिघडवायची मुभा. ती लालबागमध्ये कुणी कुणाला दिली नाही, आजीला नाही, आईला नाही. परवडण्यासारखीच नव्हती. महाग आहे का? आहे. माझा हप्ता सुरू होईल तेव्हा मला आणखी महाग वाटेल.

आणि तिथेही ही मुभा काही पहिल्यापासून नव्हती. बहिणीच्या कॉलेजपासून जवळच लंडन कॉलेज ऑफ फॅशनची नवी इमारत आहे, २०२३ पासून स्ट्रॅटफर्डमध्ये. आज त्याचं केवढं नाव! पण त्याचं मूळ १९०६ ची शोरडिचची, १९१५ ची बॅरेट स्ट्रीटची आणि १९२७ ची क्लॅपमची अशा मुलींच्या धंदेशिक्षणाच्या शाळांत आहे. कामकरी घरांतल्या पोरी, शिवण शिकायचं आणि वर्कशॉपात कामाला लागायचं. आईच्या क्लासची थोरली बहीणच म्हणा ना.

एका बाबतीत मात्र आईचीच सरशी. बहिणीला यंदा 'झीरो वेस्ट' नावाचा विषय होता. कपडे कापताना साधारण १५ टक्के कापड वाया जातं असा आकडा त्या विषयात नेहमी दिला जातो, तर ते वाचवायचं कसं. २०१६ चं टिमो रिसानेन आणि हॉली मॅकक्विलन यांचं पुस्तक तिने मला दाखवलं, सुंदर आकृत्या आहेत. आईने आकृत्या पाहिल्या आणि आजीच्या ट्रंकेतली खणाची चोळी काढून आणली. एवढासा चौकोनी खण, त्यातच पाठ, त्यातच बाह्या, उरलेले तुकडे काखेत जोडलेले. कचरा म्हणून चिमूटभर दोरे. बहिणीने त्या चोळीचे उलट्या बाजूने चौदा फोटो मागवले आणि फाइलमध्ये दोन पानं त्याच्यावर लिहिली. आईचं म्हणणं, "ह्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

पुढचं काय ते ठरलेलं नाही. तिला तिथे राहून एक-दोन वर्षं काम करायचंय. आईला वाटतं तिने यावं, पण ती ते फोनवर बोलत नाही, मला बोलते. मी ऑनसाइटला गेलो होतो तेव्हा परतीची तारीख कंपनीने ठरवली होती, त्यामुळे मला या बाबतीत अक्कल कमी आहे. शिवाय इथे येऊन ती करणार काय, हाही प्रश्न आहेच. आजोबांच्या काळच्या कितीतरी मिलच्या जागी आता टॉवर आणि मॉल आहेत, तिथे कपडे विकतात, शिवत नाहीत.

काल रविवारी आई हिंदमाताला अस्तर आणायला गेली होती. येताना पिशवीत पाच मीटर मांजरपाट. कुणाची ऑर्डर, विचारलं तर म्हणाली, "कुणाची नाही." संध्याकाळी जेवणाआधी तिने त्यातून एक फुग्याची बाही कापली, पहाटे नाही, रेडिओ चालू, शेजारच्या काकू दारात गप्पा मारतायत. बाही काही जमली नाही, पार कंदिलासारखी झाली. आईने ती हातात घालून आरशात बघितली, मला म्हणाली फोटो काढ आणि तिला पाठव. मग उसवून बाजूला ठेवली आणि उद्या द्यायचे तीन ब्लाऊज पुढे ओढले.

बहिणीचा रिप्लाय सकाळी आला. मुंढ्याच्या चुण्या कुठे कमी करायच्या त्याच्या खुणा फोटोवरच लाल रंगात करून. आता बुधवार गेला की दोघी पुन्हा त्या बाहीला बसणार आहेत.