शेवटचे चार किलोमीटर

परवा शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी धूत होतो. वरच्या मजल्यावरचा मित्र दुधाची पिशवी घेऊन येत होता. थांबला, एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "काय रे, डिमोशन का?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. याच जागेवर आधी माझी चाळीसच्या वर हॉर्सपॉवरची, पूर्ण फेअरिंगची स्पोर्ट्स बाईक उभी असायची. सोसायटीतली पोरं तिच्यावर बसून फोटो काढायची. आता तिथे सेकंडहँड एक्सपल्स २०० ४व्ही आहे. हॉर्सपॉवर १९. समोर चोचीसारखं मडगार्ड, पातळ उंच चाकं. आमच्या घरी तिचं नाव 'नाकतोडा' पडलंय. तेव्हा मी नुसतं हसलो. उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात २००८ पासून करायला हवी. त्या वर्षी यामाहाची आर१५ भारतात आली आणि आमच्यासारख्या नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरांची झोप उडाली. १५० सीसी, १७ हॉर्सपॉवर, पण लिक्विड कूलिंग, फ्युएल इंजेक्शन, सहा गिअर. तोपर्यंत आमच्यासाठी वेगवान गाडी म्हणजे पल्सर नाहीतर करिझ्मा. मी पहिल्या वर्षाचा सगळा बोनस त्यात घातला. रविवारी पहाटे पाचला चांदणी चौकात जमायचं, लवासा नाहीतर ताम्हिणी करायचं आणि दहाच्या आत घरी. पुढे पगार वाढला तशी गाडी वाढली. मोठी स्पोर्ट्स बाईक आली, तीही आठ वर्षं मनापासून चालवली.

स्पोर्ट्स बाईकने मला पुष्कळ शिकवलं, हे आधीच सांगून टाकतो. वळणावर चाकापुढे न बघता वळण जिथे संपतं तिथे बघायचं, थ्रॉटल झटक्याने न देता हळूहळू उघडायचा, ब्रेक वळणाआधी संपवायचा. चांगल्या डांबरावर त्या गाडीइतकी खरी गाडी मी दुसरी चालवलेली नाही. मनात आणलं की वळते. मनगटं दुखायची, पंचेचाळीस मिनिटांनी मानेला रग लागायची, पण ते मी भाडं समजून भरत होतो.

आता जुलै २०२३.

आमचं गाव मंडणगड तालुक्यात. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, आंबेत-म्हाप्रळ करत मंडणगड, आणि तिथून पुढे थोडं आत. फाट्यावरच्या देवळापर्यंत डांबर आहे. पुढे घरापर्यंत चार किलोमीटर तांबडी माती, मध्येमध्ये उघडा पडलेला जांभा, आणि एक पऱ्या. पऱ्यावर सिमेंटची फरशी आहे, पण पावसात तिच्यावरून पाणी जातं. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच असतात. "पुण्याला चला" हा विषय आमच्यात दहा वेळा निघून दहा वेळा संपलेला आहे.

त्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा अंगणात घसरून पडले. बोलतायत, पण उठवत नाही. एवढं ऐकू आलं आणि फोन कट. पुन्हा लागेना. पावसात तिथली रेंज म्हणजे देवाची कृपा. बायको गाडी घेऊन माहेरी नाशिकला गेली होती. एसटीने गेलो असतो तर रात्र तिथेच कुठेतरी काढावी लागली असती. रेनकोट चढवला आणि बाईकवर निघालो.

ताम्हिणीतला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. फाट्यावर पोचायला साडेसात वाजले. अंधार पडला होता. आणि इथे एक कबुली द्यायला हवी. इतक्या वर्षांत मी ती गाडी कधीच घरापर्यंत नेली नव्हती. नेहमी फाट्यावरच्या दुकानाशेजारी लावायची आणि पाठीवर सॅक टाकून चालत सुटायचं. बाबांना म्हणायचो, "तेवढाच व्यायाम." खरं कारण असं, की खालची फेअरिंग दगडाला घासली असती.

त्या रात्री घेऊन गेलो. जेमतेम दोनशे मीटर. रुंद, जवळजवळ गुळगुळीत टायर चिखलाने भरले, पुढचं चाक सवयीने ब्रेक दाबल्याबरोबर सरकलं आणि गाडी डाव्या अंगावर आडवी. मला काही लागलं नाही. कशीबशी उचलली, ढकलत परत दुकानापाशी आणली आणि मोबाईलच्या टॉर्चवर चालायला लागलो.

त्या चार किलोमीटरना मला सव्वा तास लागला. पऱ्या ओलांडताना पाणी गुडघ्याला होतं. घरी काय झालं असेल याचे जितके प्रकार माणसाच्या डोक्यात येऊ शकतात तेवढे त्या सव्वा तासात येऊन गेले. ते इथे लिहीत नाही.

घरी पोचलो तर बाबा पडवीत खाटेवर बसून चहा पीत होते. घोट्याला क्रेप बँडेज. शेजारच्या दोन पोरांनी त्यांना दुपारीच स्प्लेंडरवर मध्ये बसवून मंडणगडला डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. हाड मोडलं नव्हतं, पाय मुरगळला होता. मी दारात उभा, नखशिखांत चिखल. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं,

"गाडी कुठे ठेवलीस?"

बास. एवढंच. त्यांनी ते टोमण्याने विचारलं नव्हतं, पण मला ते आजपर्यंत विसरता आलेलं नाही. सात-आठ हॉर्सपॉवरची स्प्लेंडर त्यांना तिघांच्या वजनासकट नेऊन परत घेऊन आली होती, आणि मी चाळीस घोडे देवळापाशी बांधून आलो होतो.

पुण्याला परत आल्यावर मी तेच केलं जे कुठलाही सॉफ्टवेअरवाला करेल. एक्सेल शीट उघडली :-)

अ‍ॅडव्हेंचर बाईक हा प्रकार तसा जुना. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर८० जी/एस काढली. त्यातल्या दोन जर्मन अक्षरांचा अर्थच मुळी 'रानवाट' आणि 'रस्ता'. दोन्हीकडे चालणारी एकच गाडी. पुढच्याच वर्षी ह्यूबर्ट ओरिओलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डकार शर्यत जिंकली आणि त्या कल्पनेला वजन आलं. आपल्याकडे हिरोने २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणली, पण ती काळाच्या आधी आली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन आली आणि मग या गाड्या सगळीकडे दिसायला लागल्या.

माझ्या शीटमध्ये तीन नावं उरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली हिमालयन ४५०: ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, वजन १९६ किलो. केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर: स्पोर्ट्स बाईकवाल्याला सगळ्यात जवळची, पण नेहमीच्या मॉडेलची सीट ८५५ मिलिमीटर आणि मी पाच फूट पाच इंच. आणि तिसरी एक्सपल्स २०० ४व्ही: हवा आणि तेलाने थंड होणारं २०० सीसीचं इंजिन, वजन १५९ किलोच्या आसपास, ग्राउंड क्लीअरन्स २२० मिलिमीटर, पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची स्पोकचं चाक. प्रत्येक गोष्टीला गुण दिले, गुणांना वेटेज दिलं. हिमालयन पहिली आली. बऱ्यापैकी फरकाने.

एका मित्राने तेव्हा नुकतीच हिमालयन घेतली होती. दोन दिवस चालवायला दिली. हायवेवर सुंदर, मागे बायको बसली तरी काही जाणवत नाही, दिवसाला पाचशे किलोमीटर सहज करावेत अशी. मी जवळजवळ बुकिंगच केलं होतं. मग म्हटलं, एक टेस्ट राहिली. मित्राची परवानगी घेऊन त्याच्या फार्महाऊसवरच्या गवतात गाडी हळूच आडवी केली आणि एकट्याने उचलायला गेलो.

उचलायची रीत मला माहीत होती. आधी गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढायचा. सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची ग्रॅब रेल धरायची, पाठ न वाकवता पायांनी जोर लावत मागे मागे चालत जायचं. पहिल्यांदा उचलली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर आली आणि परत बसली. तिसऱ्यांदा मित्राने हात लावला. दोष गाडीचा नाही, माझ्या बेचाळीस वर्षांच्या, खुर्चीत बसून घडलेल्या कंबरेचा. पण पऱ्यात रात्री आठ वाजता मित्र कुठून आणू?

तेव्हा कळलं की शीटमधली आकडेमोड बरोबर होती, रिक्वायरमेंट चुकीची लिहिली होती. मी लडाखला जाणाऱ्या माणसासाठी गाडी शोधत होतो. त्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही. मला भेटलेला माणूस महिन्यातून एकदा मंडणगडला जातो, आणि त्याला शेवटचे चार किलोमीटर जमत नाहीत. शीटमध्ये एक नवा कॉलम घातला, 'चिखलात एकट्याने तीनदा उचलता येईल का?', आणि बाकीचे सगळे कॉलम पुसून टाकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन वर्षं जुनी एक्सपल्स घरी आली. स्पोर्ट्स बाईक नेणारा पोरगा तेवीस वर्षांचा होता. ती गेटमधून बाहेर पडताना मी वर बघितलं नाही, किल्ल्या शोधायचं नाटक करत होतो.

आता कोणाला वाटेल की गाडी बदलली आणि प्रश्न सुटला. अजिबात नाही. पहिल्याच फेरीत त्याच रस्त्यावर दोनदा पडलो. दगड-माती खाणारा सस्पेन्शन काय करणार, चालवणारा अजून डांबरावरच होता. डांबरावर आपण वळताना अंग आत टाकतो. मातीत उलटं. गाडी आत झुकवायची आणि आपण वर, बाहेरच्या बाजूला राहायचं, वजन बाहेरच्या फूटपेगवर. डांबरावर पुढचा ब्रेक हा राजा. चिखलात वळणावर त्याला हातही लावायचा नाही. माझ्या मॉडेलला मागच्या चाकाला एबीएस नाही. घेताना ती उणीव वाटली होती, पण सुट्या खडीच्या उतारावर मागचं चाक थोडं लॉक होऊन खडीत रुतलं की गाडी लवकर थांबते, हे तिथेच कळलं. खड्डा आला की फूटपेगवर उभं राहायचं, गुडघे सैल, म्हणजे धक्का कंबरेपर्यंत पोचत नाही. आणि २१ इंची चाक का, तेही समजलं. मोठं चाक दगडाला कमी कोनात भेटतं, म्हणून आदळत नाही, चढतं. त्याच चाकामुळे ताम्हिणीत ती पूर्वीच्या गाडीसारखी चटकन वळत नाही. दोन्ही एकदम मिळत नाही.

हे सगळं मला कोणी शिकवलं? थोडं व्हिडिओ बघून, आणि बाकीचं त्या स्प्लेंडरवाल्या पोरांपैकी एकाने. तो माझ्यामागून येत होता. पडलो तेव्हा थांबला आणि म्हणाला, "दादा, हँडल एवढं आवळून नका धरू. तिला तिची वाट बघू दे." एवढं एक वाक्य. पुढच्या दोन फेऱ्यांत पडणं बंद झालं.

बाबांनी अर्थातच विचारलं, "मग स्प्लेंडरच का नाही घेतलीस? स्वस्तात झालं असतं." याला माझ्याकडे निम्मंच उत्तर आहे. पुण्याहून सामान घेऊन, पावसात घाट चढून-उतरून यायचं तर उंच सस्पेन्शन आणि थोडी जास्त ताकद बरी पडते. उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे हौस. बेचाळिसाव्या वर्षी सगळी हौस एकदम सोडवत नाही. बाबा "हं" म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा पऱ्या गाडीवरून ओलांडला. आधी चालत जाऊन पाणी बघितलं, वीतभर होतं. पहिला गिअर, उभा राहून, नजर पलीकडच्या फणसावर. पाण्यात थ्रॉटल सोडायचा नाही एवढंच लक्षात ठेवलं. वर चढलो आणि अंगणात जाऊन इंजिन बंद केलं. बाबा पडवीतून बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, चेनला लागलेला चिखल बघितला.

"तेल घाल हो हिला," म्हणाले. "आणि इथे नको, गोठ्यात लाव. रात्री पाऊस आहे."

तर मित्रा, डिमोशन म्हणायचं तर म्हण. २००८ ला सतरा घोड्यांवर सुरुवात केली होती, सोळा वर्षांनी एकोणिसांवर आलोय, म्हणजे हिशोबाने दोनने वाढच झाली आहे :-)

असो. इंजिन गार्डच्या आतली तांबडी माती काही निघत नाही, कितीही धुवा. सोडून दिली. पुढच्या शनिवारी परत जायचंच आहे. बाबांनी टॉर्चचे सेल आणि दोन किलो शेंगदाणे सांगितलेत.