मातीची साक्ष

आमचें बालपण शेतकऱ्याच्या घरांत गेलें. ढेंकूळ हातांत चुरडून, त्याचा वास घेऊन जमिनीचा गुण सांगणारीं वडीलधारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. म्हणूनच जपानांतील फुकुशिमा प्रांताची हकीकत वाचून आमचें मन फार अस्वस्थ झालें. २०११ सालच्या मार्चमध्यें भूकंप व समुद्राची प्रचंड लाट यांमुळें तेथील अणुवीजकेंद्रास अपघात झाला. किरणोत्सर्गी सीझियम वाऱ्यानें पसरून पाऊस व हिम यांबरोबर शेतांत उतरलें. इइताते हें गांव केंद्रापासून सुमारें ४० किलोमीटर दूर. तरी तेथील लोकांस घरदार सोडावें लागलें. मातीचा रंग पालटला नव्हता, वासही नाहीं. डोळा, नाक व हात हे आपले जुने साक्षीदार येथें मुके झाले.

मग साक्ष द्यावी कोणीं? ती गॅमा-किरणमापकानें दिली. अशा कित्येक यंत्रांत सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. त्यांत गॅमा किरण शिरला कीं अतिमंद प्रकाश चमकतो व त्यापासून विजेचें स्पंदन निर्माण होतें. त्या चमकेवरून किरणाची ऊर्जा कळते, आणि ऊर्जेवरून त्याचें कुळ. सीझियम-१३७ ची खूण ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर पोटॅशियम-४० ची १४६१. हें पोटॅशियम शेतांतील मातींत व आपल्या देहांतही निसर्गतःच असतें. तेव्हां यंत्र नुसतें टिकटिकलें म्हणून जमीन दूषित ठरत नाहीं. कोण बोलत आहे, हें ओळखावें लागतें.

यंत्र बहुधा जमिनीपासून १ मीटर उंचीवर ठेवतात. त्यामुळें सभोंवारच्या विस्तृत जागेची सरासरी मिळते. परंतु जमीन ओली असली किंवा सीझियम खोल गेलें असलें, तर कांहीं किरण वाटेंतच अडतात व आंकडा कमी येतो. यास्तव मातीचे नमुने खणून प्रयोगशाळेंतही तपासतात.

सीझियम चिकणमातीस घट्ट बिलगतें व बहुतांशीं वरच्या थरांतच राहतें. म्हणून तेथील पुष्कळ शेतांची सुमारें ५ सेंटिमीटर माती खरवडून पिशव्यांत भरण्यांत आली. पिढ्यान्‌पिढ्या खत घालून कसलेली तीच ती माती! आंकडा चुकून अधिक आला, तर शेतकऱ्याचें वडिलार्जित धन व्यर्थ जातें. चुकून कमी आला, तर त्याच्या लेंकरांच्या जिवाशीं खेळ होतो. शिवाय सीझियम-१३७ निम्में होण्यास ३० वर्षें लागतात. म्हणजे बापाचा प्रश्न मुलाच्या पदरांत पडतो.

इइताते गांवाचा बहुतेक भाग २०१७ सालीं राहण्यास पुन्हां खुला झाला. तेथें परतावें कीं नाहीं, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तो निर्णय ज्याचा त्यानेंच करावयाचा. पण तो अफवेवर न होतां खऱ्या आंकड्यावर व्हावा, एवढें मात्र मोजणाराच्या हातीं असतें. विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंतील वहींत आंकडा लिहितांना हें ध्यानांत असूं द्या. एखादे दिवशीं तुमच्या आंकड्यावर कोणा अपरिचिताचें शेत अवलंबून असेल.