रुद्ध मार्गाची कावीळ

घरांत एखाद्या मुलाचे डोळे पिवळे दिसूं लागले कीं आपल्याकडे दोन गोष्टी तत्काळ घडतात. आहारांतून तेल-तूप बंद होतें, आणि कोणी तरी काविळीची माळ घालणाऱ्याचा पत्ता सांगतो. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील सुशिक्षित घरेंही यास अपवाद नाहींत. दूषित पाण्यानें होणारी कावीळ बहुधा कांहीं आठवड्यांत आपली आपणच ओसरते. श्रेय मात्र माळेस मिळतें. परंतु सगळीच कावीळ या जातीची नसते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत कामलेचे दोन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एकांत पित्ताचा मार्ग अडतो आणि मळ वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो. मळास रंग येतो तो पित्तामुळें; पित्त आंतड्यांत पोंचलेंच नाहीं, तर तो रंग जातो. एवढ्या प्राचीन काळचें हें निरीक्षण आजही तितकेंच खरें आहे.

मुलांत हा मार्ग अडण्याचें एक कारण म्हणजे पित्तनलिकेचा जन्मजात फुगवटा. यकृतांतून आंतड्याकडे पित्त नेणारी नळी तुंब्याप्रमाणें फुगते. हा विकार मुलग्यांपेक्षां मुलींत, आणि युरोपापेक्षां आशिया खंडांत पुष्कळ अधिक आढळतो. पोटदुखी, कावीळ आणि उजव्या बरगडीखालीं गांठ हीं त्याचीं लक्षणें. पण तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात, आणि दुखणें येऊन जाऊन असतें. म्हणून जंत, अपचन, शाळा चुकविण्याचें निमित्त असें म्हणतां म्हणतां महिने निघून जातात.

डोंबिवलीच्या एका परिचित कुटुंबांत असेंच झालें. सहा वर्षांच्या नातीचें पोट वर्षांत तीनदां दुखलें. जंतांचें औषध झालें, दृष्टही काढून झाली. मळाचा बदललेला रंग प्रथम दिसला तो मुलीच्या आईस. परंतु सासू-सासऱ्यांपुढें हें बोलावें कसें, या संकोचांत आठवडा गेला. अखेर ती बोलली, आणि आजोबांनीं माळेचा आग्रह सोडला. सोनोग्राफींत फुगवटा दिसला. पुढें ठाण्यास एम्. आर्. आय्. काढण्याचें ठरलें.

“एक तपासणी झाली, मग दुसरी कशाला?” हा आजींचा प्रश्न रास्तच होता. फुगवटा आहे, एवढें सोनोग्राफी सांगते. तो कोठें सुरू होतो, यकृताच्या आंत किती शिरला आहे, स्वादुपिंडाची नळी त्यास कोठें मिळते, याचा नकाशा शस्त्रवैद्यास हवा असतो. पूर्वीं त्यासाठीं तोंडावाटे दुर्बीण उतरवून नळींत औषध सोडावें लागे, आणि स्वादुपिंडास सूज येण्याचें भय असे. 1991 च्या सुमारास हेंच चित्र चुंबकाच्या साहाय्यानें घेतां येऊं लागलें. शरीरांतील पाण्याचे हायड्रोजन-परमाणु प्रबळ चुंबकीय क्षेत्रांत रेडिओलहरींस प्रतिसाद देतात. यंत्राची योजना अशी करितात कीं स्थिर द्रव तेवढा उजळावा. त्यामुळें पित्तनलिकांचें सारें झाड काळ्या फळ्यावर खडूनें काढल्यासारखें दिसतें. यांत क्ष-किरण नाहींत, चीर नाहीं.

मूल मात्र निश्चल हवें. यंत्र फार खडखडतें, म्हणून लहानग्यांस भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं झोपवितात, व त्याआधीं उपाशी ठेवितात. बांगडी, ताईत, कोणतीही धातूची वस्तु आंत नेऊं नये. जानेवारी 2018 मध्यें मुंबईच्या नायर रुग्णालयांत प्राणवायूच्या नळकांड्यासह यंत्राकडे खेंचला जाऊन एका रुग्णाच्या नातलगाचा प्राण गेला, हें विसरूं नये.

उपाय शस्त्रक्रियेचाच. फुगवटा काढून यकृताची नळी आंतड्यास जोडितात. तो तसाच राहूं दिला, तर वारंवार सूज, यकृताची हानि आणि मोठेपणीं कर्करोग यांचें भय असतें. परळचें 1929 सालीं स्थापन झालेलें वाडिया बालरुग्णालय आपल्यापासून लोकलच्या वाटेवरच आहे. त्या मुलीची शस्त्रक्रिया मुंबईंतच झाली. आतां ती नियमित शाळेंत जाते.

तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा कोणत्याही मुलाचा मळ पांढुरका दिसूं लागला, तर मुहूर्त न पाहतां बालरोगतज्ज्ञाकडे जावें. आणि वडीलधाऱ्यांनीं एवढें करावें: मुलाचें न्हाणें-धुणें जिच्या हातून होतें, त्या सुनेचा शब्द आधीं ऐकावा.