एकोणशंभर

२०१९ साली आठवड्याभरात माझे दोन निकाल लागले. २८ मेला बारावीचा लागला तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. ५ जूनला नीटचा लागला, तेव्हा पेढ्यांचा रिकामा डबा अजून फळीवरच होता. ७२० पैकी मला किती पडले हे मी आजही कुणाला सांगत नाही. त्यानंतर घरात मला 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाक मारायचं सगळ्यांनी आपोआप बंद केलं, एवढं सांगितलं तरी पुरे.

आमचं मुरुड लातूरपासून बार्शी रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरवर. दोन वर्षं मी पहाटेच्या एसटीने लातूर गाठत होते. ट्यूशन एरियात शिरलं की पाठीला सॅक लावलेल्या पोरापोरींचा लोंढा लागायचा. लातूरची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर झाला. पुढे याद्या बंद पडल्या, शब्द मात्र राहिला. त्या शब्दाभोवती वसतिगृहं, खानावळी, झेरॉक्सची दुकानं आणि टॉपरांचे फ्लेक्स असं एक अख्खं गाव वसलं. मी ज्या क्लासला होते तिथे सर माईकवरून शिकवायचे. चांगलं शिकवायचे, खोटं कशाला बोलू. पण मागून चौथ्या बाकावर बसून दोन वर्षांत मी एकही शंका विचारली नाही. विचारायला उभं राहायचं म्हणजे दोनशे माना वळणार.

आता रिपीटर बॅच करायची तर पुन्हा तेवढीच फी. बाबा आडतीवर मापाडी. ते काही बोलले नाहीत, फक्त त्या आठवड्यात रोज उशिरा घरी आले. मीच म्हणाले, बी.एस्सी.ला नाव घालते. फॉर्म भरला आणि ओसरीत बसून राहिले.

शेजारच्या काकूंनी ते बरोबर हेरलं. "तुला आता काय काम न्हाई म्हणं. आमच्या बारक्याला बसव की जरा जवळ. गणितात लई चुकायलाय."

बारक्या दुसरीत गेलेला. तो आला, तसे त्याच्या मागून आणखी चौघं आले. फळांचा गाडा लावणाऱ्या मामांची चौथीतली पोरगी, स्कॉलरशिपला बसायचं म्हणून पाचवीतले दोघं, आणि सातवीतला एक, ज्याला जगात ट्रॅक्टरशिवाय कशातच गोडी नव्हती.

फीचा विषय काढायला माझी जीभ रेटेना. रोज ज्यांच्या घरी विरजण मागायला जायचं, त्यांच्याकडे पैसे कसे मागायचे? आजीने तो प्रश्न एका वाक्यात मिटवला. "फुकट शिकवलीस तर पाऊस आला की लेकरं येणार न्हाईत. पैसे घे, मग बघ, छत्री घेऊन धाडतेत." महिना दीडशे रुपये ठरले. घासाघीस कुणीच केली नाही. मात्र तिघांनी जवळपास एकच वाक्य ऐकवलं, "राशी झाल्या की देतो." म्हणजे सोयाबीन निघून घरात पैसा आल्यावर, दिवाळीच्या आसपास. मी वही केली, पाच नावं लिहिली आणि पुढे रकाने आखले. ते रकाने चार महिने कोरे राहणार, हे आखतानाच कळत होतं.

फळा म्हणून प्लायवूडच्या तुकड्याला काळा ऑइलपेंट मारला. तो इतका चकाकला की खडू त्यावरून घसरायचा. शेवटी पॉलिश पेपरने घासून घासून त्याची चमक काढली, तेव्हा कुठे अक्षर उमटलं. ओसरीवर पत्रा होता. पाऊस लागला की माझाच आवाज मला ऐकू यायचा नाही. त्यामुळे पाऊस असला की लिहायचं आणि उघडीप असली की बोलायचं, असं वेळापत्रक झालं. त्या वर्षी पाऊस लांबल्यामुळे सुरुवातीला बोलणंच जास्त झालं.

आणि बोलत कोण होतं? मीच. शिकवणं म्हणजे काय हे मी लातूरला जे पाहिलं तेवढंच मला ठाऊक. उभं राहायचं, फळ्यावर लिहायचं, 'समजलं?' विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचं. पाच लेकरांपुढे मी दोनशे जणांचा आवाज काढत होते. पाचही जण एका सुरात 'हो' म्हणायचे. आठ दिवसांनी मी चाचणी घेतली. ट्रॅक्टरवाल्याने कोऱ्या कागदावर ट्रॅक्टर काढून दिला. चाकं मात्र बरोबर मापात होती.

बारक्याचं दुखणं वेगळं होतं. 'बासष्ट' म्हटलं की तो २६ लिहायचा. 'पस्तीस' म्हटलं की ५३. त्याच महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून राज्यभर गदारोळ उठला होता. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', 'बासष्ट'च्या जोडीला 'साठ दोन' असं वाचायचं त्यात सुचवलं होतं. विधानसभेपर्यंत टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की मराठीत एकक आधी बोलतात आणि लिहिताना दशक आधी येतो, लहान मुलं तिथे अडखळतात, आणि जुनी नावं कुणी काढून टाकलेली नाहीत. ऐकायच्या मनःस्थितीत फारसं कुणी नव्हतं. बारक्याचे पप्पा तर अजिबात नव्हते. "साठ दोन? दुकानात जाऊन साठ दोन रुपये माग म्हणावं. लोक हसतेल."

मीही त्यांच्याच बाजूची. आम्ही नाही का शिकलो बासष्ट? म्हणून बारक्याला सांगितलं, उद्या बासष्ट दहा वेळा लिहून आण. त्याने आणलं. सुबक अक्षरात, समास सोडून, दहा वेळा २६.

त्या दिवशी पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून मी गप्प होते. गप्प होते म्हणूनच माझं त्याच्याकडे लक्ष गेलं. तो लिहिताना ओठ हलवत होता. 'बा' म्हणताना त्याने २ काढला, 'सष्ट' म्हणताना ६. म्हणजे कानाला जे आधी आलं ते हाताने आधी लिहिलं. पोरगं अडाणी नव्हतं, तंतोतंत आज्ञाधारक होतं. चूक त्याच्या हातात होती, पण तिचं मूळ शब्दात होतं.

रात्री आजीला सांगितलं. आजीचं माहेर निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेवर. ती हसली. "आमच्याकडं तसं न्हाई. अरवत्तेरडु. अरवत्त म्हंजी साठ, एरडु म्हंजी दोन." माझ्या घरात, माझ्या शेजारच्या अंथरुणावर 'साठ दोन' म्हणणारी भाषा अठरा वर्षं झोपत होती आणि मी टीव्हीवर त्याची टिंगल बघून हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वहीत दोन-दोन चौकोन आखले, डावा दशकाचा, उजवा एककाचा. म्हणाले, "तुला जसं ऐकू येतं तसंच लिही. फक्त 'बा' ऐकलंस की उजव्या घरात जा, 'सष्ट' ऐकलंस की डाव्या." त्याने आधी उजवीकडे २ लिहिला, मग डावीकडे ६. उलट्या वाटेने का होईना, ६२ झाले. मग 'पस्तीस', 'अठ्ठेचाळीस', 'चौऱ्याहत्तर'. शेजारी आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे ठेवले, म्हणजे डाव्या घरात जुडगे आणि उजव्यात सुट्या काड्या. काड्या मोजायच्या नादात ट्रॅक्टरवाला पण जवळ सरकला. जुडगे बांधायचं काम त्याने स्वतःहून घेतलं, कडब्याच्या पेंढ्या बांधतात तसं. त्या दिवसापासून मी 'समजलं?' विचारणं सोडलं. 'कसं केलंस ते सांग' असं विचारायला लागले. त्याचं उत्तर 'हो' देता येत नाही.

मग एकेक गंमत बाहेर यायला लागली. फळांच्या गाड्यावरच्या पोरीला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. शंभरातून त्रेसष्ट गेले की वहीत काहीही निघायचं. एकदा तिला म्हटलं, "मी शंभराची नोट दिली, त्रेसष्टची फळं घेतली." ती क्षणात म्हणाली, "सदतीस परत." कसं? "त्रेसष्टावर सात, सत्तर. सत्तरवर तीस, शंभर." ती वजाबाकी करतच नव्हती, बेरजेने वर चढत होती. गाड्याभोवतीच्या गिऱ्हाइकांत बापाशेजारी उभं राहून तिने ते कमावलं होतं आणि वहीत मात्र तिला शून्य मिळत होतं. मी तिला आधी तिच्याच रीतीने दहा उदाहरणं करू दिली, हातच्याची रीत मागाहून दाखवली. ती म्हणाली, "ही पण बरी आहे." जणू मी तिच्याकडून काहीतरी विकत घ्यावं अशा थाटात.

हीच पोरगी एक दिवस माझी परीक्षा घेऊन गेली. बारक्याला एकोणतीस, एकोणचाळीस समजावत होते. 'एकोण' म्हणजे एक उणा. तिसाला एक उणा, एकोणतीस. चाळीसला एक उणा, एकोणचाळीस. ओळीने एकोणनव्वदपर्यंत आलो. पुढे मी 'नव्याण्णव' लिहिलं. पाठीमागून आवाज आला, "ताई, मग एकोणशंभर कामून न्हाई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लातूरच्या हॉलमध्ये असा प्रश्न कुणी विचारला असता तर अख्खा वर्ग हसला असता. इथे हसायला चार जण होते आणि तेही माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मला माहीत नाही. विचारून सांगते." हे वाक्य तोंडातून काढायला मला शिकवण्याच्या कामात तीन महिने लागले. शाळेत मला संस्कृत शिकवलेल्या बाईंना गाठलं. त्यांनी सांगितलं, संस्कृतात नव्याण्णवला 'नवनवति' म्हणतात आणि 'एकोनशत' असंही म्हणतात. मराठीने पहिलं घेतलं, दुसरं सोडलं. म्हणजे पोरीचा शब्द चुकीचा नव्हता. तिला सांगितल्यावर ती पाच मिनिटं हवेत होती. त्यानंतर आमच्या ओसरीवर नव्याण्णव हा आकडा उरला नाही.

ऑक्टोबरात जायचा पाऊस जाईना. राशीला आलेलं सोयाबीन शेतात भिजलं, काहींच्या तर शेंगांतच मोड आले. 'राशी झाल्या की देतो' म्हणणाऱ्यांच्या राशीच नीट झाल्या नाहीत. मी वही उघडायची नाही असं ठरवलं. एका घरातून दोन पायल्या ज्वारी आली, एका घरातून 'पोरीला' म्हणून ड्रेसचं कापड. गाडेवाले मामा मात्र दर बाजारी पन्नास रुपये हातात ठेवायचे, महिन्याचे पुरे झाले तरी. मी 'झाले की' म्हटलं, तर म्हणाले, "तिचा प्रश्न घेऊन तू मास्तरणीकडं गेलतीस म्हणं. त्याचे." आजीचं एक मात्र खरं झालं. पैसे आले नाहीत तरी पावसात छत्र्या आल्या.

२०२४च्या जानेवारीत केंद्र सरकारने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पदवी नसलेल्याला शिकवायला ठेवू नये असं म्हटलंय. पन्नासच्या वर मुलं असलेल्या सेंटरांना ते लागू, त्यामुळे माझी ओसरी त्यात बसली नसती. वाचून हसू आलं, पण नियम मला पटला. बारावी झालेल्या पोरीने पहिल्या महिन्यात काय केलं, ते दहा वेळा लिहिलेल्या सव्वीसमध्ये अजून दिसतं. बारक्याची ती वही मी ठेवून घेतली आहे. आता बी.एड. झाल्यावर तिच्याकडे बघते, तर बी.एड.च्या वर्गात ज्याला पानभर नाव होतं ते त्या एका पानावर आहे.

त्या वर्षाचं राहिलेलं सांगते. मार्च २०२०ला शाळाच बंद झाल्या आणि ओसरीही मिटली. पण माझी शिकवणी खरी झाली ती त्याआधी, फेब्रुवारीत. बारक्याचे पप्पा संध्याकाळी दारात उभे राहिले. चप्पल काढली नाही. म्हणाले, "ताई, आता त्याचं तो करायलाय. चौकोन पण काढत न्हाई. पुढल्या म्हैन्यापासून न्हाई आला तर चालंल का?" त्यांनी राहिलेले सगळे पैसे मोजून दिले, नोटांची घडी करून.

मी 'चालतंय की' म्हणाले आणि आत येऊन चिडले. एसटीच्या पासचा हिशेब मी त्या पाच नावांवर बसवला होता. एवढ्या कष्टाने शिकवलं आणि शिकला म्हणून गेला? आई भाकरी थापत होती. वळून न बघता म्हणाली, "मग काय म्हातारा होईस्तोवर यावं का त्यानं?"

रात्री वही उघडली. दोन वर्षं मी जिथे फी भरली तिथे माझ्याशिवाय काही अडलं नाही, आणि तिथल्यावाचून माझंही काही अडू नये असं तिथे कुणाला वाटलंही नसेल. इथे मात्र एका पोराचं माझ्यावाचून अडेना झालं होतं. या धंद्यात काम जमलं की गिऱ्हाईक जातं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात असं होत असेल मला ठाऊक नाही. बारक्याच्या नावावर मी रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर त्याची जागा मोकळी होती. काड्यांचे जुडगे तिथेच पडलेले. चौथीतल्या पोरीने एकदा जागेकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, बोटांनी मोजलं आणि फार मोठा शोध लागल्यासारखी म्हणाली,

"ताई, आता आपण एकोणपाच."