आजीच्या खोलीतली रेंज

काल रात्री लॅपटॉपचं वायफाय पुन्हा गेलं. राउटर बंद-चालू केला, ड्रायव्हर काढून परत टाकला, जुनं नेटवर्क ‘फरगेट’ केलं. विसरायला एक बटण पुरतं, याचा जरा हेवाच वाटला. मग लक्षात आलं, आई मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवते तेव्हाच हे होतं. वायफाय आणि मायक्रोवेव्ह, दोन्हींच्याही लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, एकमेकींत मिसळतात. ५ गिगाहर्ट्झवर गेलो तर वेग छान, पण आजीच्या खोलीची जाड भिंत आडवी येते.

ती खोली आता रिकामीच असते. तरी काम घेऊन मी तिथंच बसतो. कोपऱ्यात एकच रेघ, तीही येते-जाते. आजीला शेवटी असंच ऐकू यायचं, मधूनमधून.

आज राउटर पॅसेजमध्ये हलवला. दोन रेघा येतात.