गळ्यातला राखणदार

आवाज म्हटला की आपल्याला जीभ आठवते. जिभेला हाड नाही, जीभ सैल सुटली, असंच आपण म्हणतो. प्रत्यक्षात आवाज तयार होतो तो जिभेच्या बराच खाली, गळ्यावर बोट ठेवलं की जिथे घाटी लागते तिथे. ते स्वरयंत्र.

मकतबमध्ये तजवीद शिकलेल्यांना ही जागा वेगळ्या अंगाने माहीत असते. उस्ताद हलकचे तीन भाग सांगतात. सगळ्यात खालून हमजा आणि छोटी हे, मधून ऐन आणि बडी हे, वरून गैन आणि खे. यातला सगळ्यात खालचा भाग म्हणजेच स्वरयंत्र. अरबी व्याकरणकार सीबवैहीने ८व्या शतकात हरफांच्या जागा लिहून ठेवल्या, त्या नुसत्या कानाने आणि स्वतःच्या गळ्याच्या जाणिवेने. हलणारे स्वरतंतू आरशात नीट पाहिले ते मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने, १८५४ साली. आणि हे काही अरबीपुरतं नाही. 'म्हैस', 'न्हावी' म्हणताना 'म' आणि 'न'मध्ये जी हवा मिसळते, ती स्वरतंतू पूर्ण न मिटल्यामुळेच.

स्वरयंत्रात ९ कूर्चा असतात. पुढची ढालीसारखी कूर्चा म्हणजे घाटी. मुलगा वयात येताना ती वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज फुटतो. पुरुष साधं बोलतो तेव्हा हे दोन पडदे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात, बाईचे साधारण दोनशे वेळा.

पण बोलणं हे त्याचं नंतरचं काम. पहिलं काम राखणदारीचं. घास गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, झाकण खाली येतं, पडदे मिटतात, श्वास क्षणभर थांबतो. अन्न अन्ननलिकेत जातं, श्वासनलिका वाचते. जरा चूक झाली की ठसका लागतो. दुसरं काम जोराचं. जड वस्तू उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो. पडदे घट्ट मिटतात, छातीत हवा अडकते आणि पाठीला आधार मिळतो. हमालाच्या तोंडून गोणी उचलताना जो 'हुं' निघतो, तो या मिटलेल्या दारातून निसटलेला असतो.

हे सगळं मला माझ्या चाचांमुळे कळलं. देवळ्यात आमच्या मोहल्ल्यात ते फज्रची अजान द्यायचे आणि दिवसा उमराण्याच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचे. बिडी दोन्ही ठिकाणी सोबत. एका उन्हाळ्यात त्यांचा आवाज बसला. मार्केटातली धूळ, कांद्याचा पाचोळा, सगळ्यांचाच घसा धरतो, असं ते म्हणत राहिले. मध झाला, जेष्ठमध झाला. एका डॉक्टरांनी चार महिने खोकल्याची बाटली दिली. चाची मात्र म्हणायची, "खोकला कुठे आहे यांना? नुसता आवाज गेलाय." तिचंच खरं होतं. स्वरतंतूवर गाठ होती. मुंबईला टाटा हॉस्पिटलात नेईपर्यंत ती कूर्चेत शिरली होती. स्वरयंत्र काढावं लागलं.

आता ते गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात. जेवायची वाट वेगळी, हवेची वेगळी, म्हणून ठसका नाही. पण श्वास कोंडायला दारच उरलं नाही, त्यामुळे गोणी उचलवत नाही. हवा नाकातून जात नाही, म्हणून वासही येईनासा झाला. कांद्याच्या चाळीत माल सडायला लागला की आधी त्यांनाच कळायचं. एका अवयवाबरोबर अजान गेली, रोजगार गेला आणि ही पारखही गेली.

बोलण्यासाठी आता गळ्यात बसवायची झडप मिळते. बाहेरच्या झडपा महाग पडतात. बंगळुरूचे डॉ. विशाल राव यांनी उद्योजक शशांक महेश यांच्या साथीने पन्नास रुपयांत बनणारी झडप तयार केली. चाचांची झडप बसायची आहे. तोवर ते नुसते ओठ हलवतात आणि चाची ते वाचते.

एकदा त्यांनी ओठांनीच मौलानांना विचारलं, किरअत ऐकू येत नाही, मग माझी नमाज होते का? मौलाना म्हणाले, "चाचा, ज्याला आवाज नाही त्याच्यावर आवाजाचं ओझं नाही. तुमची नमाज पुरी आहे." चाचांनी मान हलवली. मग बोटाने तोंडाशी बिडी ओढल्याची खूण केली आणि दाराशी उभ्या पोरांकडे हात केला. मौलानांना जुम्याला काय बोलायचं ते समजलं.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला घसा आतून पाहायला सांगा. बिडी-तंबाखू असेल तर त्याच्याही आधी. ही गाठ आवाजाच्या पडद्यावरच असल्याने फार लवकर आवाज देते, आणि सुरुवातीला सापडली तर किरणोपचाराने किंवा लेझरने बहुतेक वेळा बरी होते, स्वरयंत्रही वाचतं. घरात आवाज बदलल्याचं पहिल्यांदा ज्याच्या लक्षात येतं, त्याचं ऐका. आमच्या घरात ती चाची होती.